खालून हाक मारा

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर, जिन्याच्या पलीकडे, एक बाई बाळांच्या दुपट्यांवर दोऱ्याने नावं भरून देते. सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो.

तिची एक अट ऐकून नवीन गिऱ्हाईक चाटच पडतं. नाव ठरलं की बापाने खाली रस्त्यावर जायचं आणि ते मोठ्याने पुकारायचं. वर नीट ऐकू आलं तरच ती सुई हातात घेणार. "नाव हाकेसाठी असतं हो, कागदासाठी नाही," म्हणते. टाय लावलेले साहेब भर रस्त्यात "पावक, पावक" ओरडताना मी पाहिलेत. हसता हसता माझ्या हातातले बारीक स्क्रू सांडतात.

अर्थांचं तर तिला वेडच. पावक म्हणजे अग्नी, पण पवित्र करणारा म्हणून पावक. अनलही अग्नीच, पण त्याला कितीही घाला, पुरे म्हणत नाही. "खादाड निघेल हं," असं ती खुशाल बापाच्या तोंडावर सांगते.

गिऱ्हाईक गेलं की मात्र तिच्याशी बोलायला कोणी नाही. लग्न केलं नाही. एक थोरला भाऊ होता, परगावी. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि स्पीकरवरून अख्ख्या मजल्याला ऐकू यायचं, "काय गं ठिणगे!" लहानपणी हिच्या नाकावर राग, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी तो गेला. तेव्हापासून ती रविवारीही दुकान उघडते आणि काम नसलं तरी रिंगेत कापड ताणून बसते. मला ते बघवत नाही.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. मुलीसाठी अग्नीवरून नाव हवं होतं. ताईने ज्वाला सांगितलं, मग शिखा, म्हणजे ज्योतीचं टोक. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "ठिणगीसुद्धा आहे."

डोळ्याला भिंग तसंच ठेवून मी ऐकत राहिलो.

"काहीतरीच काय!" बायको हसली.

"हाक मारून तर बघा."

नवरा बिचारा गरीब स्वभावाचा. गेला खाली. "शिखा!" म्हणून ओरडला आणि मग, "ठिणगे!"

"आले रे दादा!" ताई उठलीच. सुईदोऱ्यासकट पायऱ्या उतरू लागली आणि मध्येच कठडा धरून थांबली. खाली तो परका पोरगा वर बघत उभा होता.

"आलं का ऐकू?" त्याने विचारलं.

"आलं," ती म्हणाली.

त्यांनी शिखा पसंत केलं.

मला काही राहवेना. म्हटलं, आपणच मारावी हाक, आपलं काय जातंय? रविवारी जिन्याखालून ओरडलो, "काय गं ठिणगे!"

वरून काहीच आलं नाही. गेलो तर ती दाराशी उभी. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चांगल्या मनाने मारलीत, कळतं मला," ती म्हणाली. "पण ओ द्यायला तोंडच उघडेना. इतके दिवस वाटायचं, कोणी तरी मला त्या नावाने पुकारावं. पण ते माझं नव्हतंच हो. दादाचं होतं. गेलं त्याच्याबरोबर."



"चहा सांगू का, ताई?"

"सांगा," ती म्हणाली.