बिरादार सरांचा डावा पाय

“मॅडम, ही पोरगी जरा हळू पळवता येती का?”

बिरादार सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कॉम्प्युटर लॅबच्या दारात ते उभे होते. हातात छातीएवढी बांबूची काठी, आणि काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेला मोबाईल. लॅबमधल्या दहापैकी चारच कॉम्प्युटर चालत होते आणि त्यातलाही एक त्या सकाळी बसला होता, त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, “सर, पोरगी हळू पळवायची तर तिला दोन भाकरी जास्त वाढा. माझ्याकडे कशाला आलात?” ते रागावले नाहीत. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, “तसं न्हाई ओ. हिच्या पायातून बॉल दर टायमाला निसटतो. कामून निसटतो ते दिसून न्हाई राहिलं. माझ्या डोळ्यापेक्षा पोरगी जोरात हाय.”

मी तो व्हिडिओ आठपट हळू करून दिला. त्यात स्वच्छ दिसलं की बॉल यायच्या आधीच पोरीचा घोटा सैल पडतोय. सरांनी मांडीवर थाप मारली. “नोडी! नोडी!” ते उदगीरकडचे, बोलता बोलता मध्येच कानडी यायची. नोडी म्हणजे बघा. पुढे हा शब्द साऱ्या शाळेच्या तोंडी बसला, स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा वरणाला फोडणी पडली की “नोडी!” म्हणायला लागल्या.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मला चांगलं समजण्याची चूक कोणी करणार नाही. त्याच मोबाईलच्या चौकटीत पुढे मला सरांचंच काहीतरी दिसलं. सगळ्यांच्या आधी मला दिसलं. आणि ते मी चार महिने दाबून ठेवलं.

आमची शाळा किनवटच्या पुढे, सागाच्या जंगलाला लागून. मुलींची निवासी आश्रमशाळा. मी नांदेडची वाघमारे, कॉम्प्युटर शिकवायची. सर खेळाचे. दोघंही कंत्राटी, म्हणजे दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षीची ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. सर तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. काटक, सावळे, मान नेहमी थोडी डावीकडे कललेली. जवानीत उदगीरच्या मैदानावर डोक्याने गोल मारण्यासाठी प्रसिद्ध होते म्हणे. “मला पाय कमी आन् डोकं जास्त दिलंय देवानं,” असं सांगायचे आणि मान कडकन मोडायचे. तो आवाज दूरवर ऐकू यायचा. लग्न केलं नव्हतं. उदगीरला थोरली बहीण होती, तिला ते अक्का म्हणत.

शाळेत बॉल होते तीन, त्यातल्या एकाला पंक्चर. पोरी दीडशे. “रांगेत उभं करून शिकवलं तर एकेकीची पाळी दसऱ्याला येईल,” सर म्हणायचे. म्हणून त्यांनी चिंध्यांचे बॉल शिवून घेतले आणि पोरींना जे खेळ येत होते तेच पायात उतरवले. लगोरी हाताने नाही, पासने फोडायची. विषामृतात “विष” म्हटलं की बॉलवर तळवा ठेवून दगड व्हायचं, आणि मैत्रिणीने दोन पायांमधून बॉल काढला तरच “अमृत”. कवायतीला पोटात दुखणाऱ्या पोरी या खेळाला जेवणाची घंटा सोडून थांबायच्या.

पोरींची एकच खोड जात नव्हती. बॉल पायात आला की नजर जमिनीत. सरांचं पालुपद होतं, “मान वर! पायाला त्याचं काम कळतं.” दिवसातून शंभरदा. शेवटी कंटाळून मीच एक लहानसा प्रोग्राम लिहिला. जुना टॅब मैदानाच्या टोकाला खुर्चीवर ठेवायचा, त्याच्यावर रंग बदलत राहायचे, आणि बॉल नेता नेता पोरींनी रंग ओरडायचा. लाल! हिरवा! पिवळा! जी खाली बघेल ती बाद. काय गोंधळ, काय हसणं! एकदा सरांनी मलाही ओढलं. मी साडीत पाय अडकून तोंडावर आपटले, तरी आडवी पडल्या पडल्या “निळा!” ओरडले. सर म्हणाले, “मॅडम, मान वर होती, लई झालं.”

शुक्रवारी जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर प्रोजेक्टर लागायचा आणि ‘चूक पकड’ चालायचं. आठवड्याचे व्हिडिओ मी कापून, हळू करून द्यायचे. जी पोरगी पहिली हात वर करून नेमकी चूक सांगेल तिला शेंगदाण्याचा लाडू. लाडू अक्काच्या हातचे, ॲल्युमिनियमच्या डब्यातले, महिन्यातून एकदा उदगीरहून यायचे. लाडू जिंकणारीने तिथेच, सगळ्यांसमोर खायचा असा नियम होता, नाहीतर खोलीत गेल्यावर मोठ्या पोरी हिसकावून घेत.

एका शुक्रवारी दहावीतल्या दोघींनी संगनमत केलं. एकीची चूक दुसरीला दिसली, पण मैत्रिणीला कोणी हसू नये म्हणून ती गप्प बसली. सरांना कळलंच. आवाज चढवणारा माणूस नव्हे, त्या दिवशी मात्र हॉलच्या खिडक्या वाजल्या. “चूक झाकणारी दोस्त न्हाई! तिला खड्डा दिसतो आन् ती तुमाला चालू देती. असली दोस्त मला दुश्मनाला बी नको.” मी मागे प्रोजेक्टरपाशी उभी होते. मीही मान डोलावली होती. आजही आठवलं की चीड येते, त्या मान डोलावण्याची.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. एका पोरीची किक हळू करून बघत होते. पोरीच्या मागून सर चालत गेले. उजवा पाय उचलला, टेकला. डावा पाय उचलला, आणि त्याचा पंजा मातीत घासत पुढे आला. धुळीची एक बारीक रेघ उठली. मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तीच रेघ. साध्या वेगात काही म्हणता काही दिसत नव्हतं. ती चाल मी घरात बघितलेली होती. माझ्या वडिलांची चप्पल आधी अशीच अंगठ्याशी झिजायला लागली होती. आई म्हणायची, चपलाच हलक्या मिळतात हल्ली. मग एका सकाळी ते खाटेवरून उठलेच नाहीत, आणि सहा वर्षं तिथेच राहिले.

मी काय केलं? चौकट लहान केली. पोरगी राहिली, सर कापले गेले.

स्वतःला सांगायला कारण होतं माझ्याकडे. दर शनिवारी हेच व्हिडिओ मुख्याध्यापक वरच्या ऑफिसला पाठवायचे. खेळाचा मास्तरच पाय ओढतोय असं तिथे कोणाला दिसलं असतं तर त्यांची ऑर्डर आली नसती. मैदान सुटलं तर हा माणूस जगणार कसा? म्हणून मी त्यांना वाचवते आहे, असं मी मानलं. खरं सांगायचं तर मला ती चाल पुन्हा बघायची नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा कापलं. त्याच्या पुढच्याही. कापलेले तुकडे पुसून टाकायची हिंमत झाली नाही, ते एका फोल्डरमध्ये साठत गेले.

थंडी वाढली तशा इतर गोष्टी दिसायला लागल्या. सरांच्या बोटांतून शिट्टी पडायची. बुटाची नाडी बांधायला ते पायरीवर बसायचे आणि घंटा झाली तरी तिथेच असायचे. शर्टाचं वरचं बटण उघडं राहायला लागलं. लाडवाचा डबा हल्ली ते पोरींकडून उघडून घ्यायचे, वर हसून म्हणायचे, “अक्कानं झाकण लई घट्ट बसवलंय.” पोरी हसायच्या. मान मोडल्याचा आवाज मात्र बंद झाला होता. मान वळवायची असली की ते सगळं अंगच वळवत.

एकदा मी धीर केला. चहा पिता पिता विचारलं, “सर, पायाला काही झालंय का?”

“बूट बेकार निघाला. तळ सुटलाय.”

“नांदेडला दाखवून येऊ या का एकदा?”

“बुटाला?” ते हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, “फिकर नका करू मॅडम. काय झालं असतं तर व्हिडिओत आलं असतं की. तुम्ही रोज बघून राहिल्या न्हाई का?”

तेव्हा बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण बूट बेकार निघाला हेच मला ऐकायचं होतं, ते मी ऐकून घेतलं आणि लॅबमध्ये निघून गेले. त्या दिवशीचाही तुकडा कापला.

फेब्रुवारीच्या शेवटी मावसभावाच्या लग्नाला मी लातूरला गेले. पाच दिवसांनी परतले तो शुक्रवार होता. हॉलमध्ये पोरी बसलेल्या, प्रोजेक्टर सुरू. मी नव्हते म्हणून सरांनी मोबाईलच सरळ जोडला होता. हळू करायचं त्यांना एव्हाना जमत होतं, कापायचं येत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही वाटली नसणार. भिंतीवर दहा फूट उंचीची एक पोरगी पास देत होती, आणि तिच्या मागून सर येत होते. पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. प्रोजेक्टरची वायर उपटावी असं मनात आलं. पण उपटली नाही.

सहावीतल्या जंगूबाई आत्रामने हात वर केला. बुटकी, कायम नाक वाहणारी, पण नजर घारीची.

“सर, चूक गावली.”

“बोल.”

“तिची न्हाई सर. तुमची हाय. डावा पंजा उचलून नाही राहिले तुम्ही. माती ओढता.”

दोन-चार पोरी हसल्या आणि मग त्याही थांबल्या. सरांनी व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. भिंतीवर धुळीची रेघ उठत होती, बसत होती. मग ते अगदी हळू म्हणाले, “नोडी.” डब्याशी गेले, झाकणाशी बोटं झटापट करत राहिली. जंगूबाईच उठली, तिने डबा उघडला, लाडू घेतला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर खाल्ला. तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण ती खाता खाता रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन नांदेडला गेले. मोठ्या डॉक्टरांनी मशीनमधून फोटो काढले. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला होता. पाय आणि हात त्यामुळे जात होते.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल कळलं साहेब,” सर म्हणाले.

“काल कळलं असेल. झालं काल नाही. ऑपरेशन करू, आहे ते इथे थांबेल. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. चार महिने आधी आला असतात तर धड चालत घरी गेला असतात.”

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. चार महिने. मोजायची गरजच नव्हती, माझ्या फोल्डरमध्ये प्रत्येक तुकड्यावर तारीख होती.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पाय पुरते गेले, बोटंही गेली, मग ऑपरेशन झालं. शाळेत दुसरे सर आले, शिट्टी जोरात वाजवणारे, पोरींना रांगेत उभं करणारे. बांबूची काठी मी लॅबमध्ये आणून ठेवली. रोज ठरवायचे, आज फोन करून सांगते. मेअखेरीस एक दिवस लॅपटॉप पिशवीत घातला आणि उदगीरला जाणारी बस पकडली.

अक्कांनी दार उघडलं. सर अंगणात लिंबाखाली चाकाच्या खुर्चीत होते. गळ्याला पट्टा, हात मांडीवर ठेवलेले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरींची चौकशी केली. जंगूबाई आता मान वर ठेवते का, हेही विचारलं. मी म्हटलं, “सर, तुम्हाला काही दाखवायचं आहे.” लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि पहिला तुकडा लावला.

उजवा पाय. डावा पाय. धुळीची रेघ.

“हे कवाचं?”

“दिवाळीनंतरचं.”

“तुम्ही कापलं?”

“हो सर.” पुढे खूप बोलायचं ठरवून आले होते. ऑर्डरचं, वडिलांचं. त्यातलं काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, “मला दिसलं होतं. मी भ्याले.”

त्यांनी तुकडा संपेपर्यंत बघितला. मग त्यांनी आत हाक मारली, “अक्का, डबा आण.”

अक्कांनी तोच ॲल्युमिनियमचा डबा आणून झाकण काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांना लाडू उचलता येत नव्हता. दोन्ही मनगटांनी ढकलत ढकलत त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

“घ्या. पैली चूक तुम्ही पकडली हुती, जंगूबाईनं न्हाई.”

“सर, नको.”

“नियम हाय मॅडम. हितंच खायचा. सगळ्यांसमोर.”

मी लाडू घेतला. तिथेच, त्यांच्या आणि अक्कांच्या समोर खाल्ला. पट्ट्यामुळे त्यांना मान हलवता येत नव्हती, पण शेवटचा कण तोंडात जाईपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. डोळ्यांत राग होता की माया, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

“असे किती तुकडे हायत?” त्यांनी विचारलं.

“चौदा.”

त्यांनी मनगटाने डबा आणखी थोडा पुढे सारला.

“लावा दुसरा.”