ती भाषा, माझी गंमत

"जरा ती तुमची भाषा काढा ना. ती नोकराची."

अध्यक्षसाहेब असं म्हणाले आणि अख्खा दिवाणखाना हसला. अध्यक्षसाहेब म्हणजे सौदीतल्या दम्मामच्या आमच्या मराठी मंडळाचे. मोठे इंजिनिअर. मी एसी मेकॅनिक, मालवणकडचा, जातीने गाबीत, म्हणजे मासे मारणाऱ्यांतला. शुक्रवारची दुपार. मंडळाच्या रेडिओचं रेकॉर्डिंग, माईकवर मोजा चढवलेला. आवाज नको म्हणून एसी मीच मेनपासून बंद केलेला. दम्मामचा ऑक्टोबर! माणसं घामाने निथळत होती आणि भजी खात होती. माझ्या हातात नाटुकल्याचा कागद. माझं वाक्य एकच: "चुकलंय मालकानू, माका मारू नुकात."

आता हे रेडिओचं खूळ आलं कुठून, ते ऐका.

साहेबांच्या कंपनीत डोनाल्ड नावाचा स्कॉटलंडचा माणूस होता, तिकडच्या बेटावरचा. त्याच्या व्हिलात मी एसी धुवायला गेलो तेव्हा काँप्युटरवर रेडिओ चालू होता. मी काही विचारणार, तर त्याने हात वर केला. गप्प! बातम्या संपेपर्यंत हा गडी देवळात उभा राहावा तसा उभा. मग म्हणाला, ही गेलिक, माझ्या आईची भाषा. शाळेत बोलली की मास्तर आईला छडी मारायचा. आता त्या भाषेत रेडिओ आहे, तो इथे वाळवंटात इंटरनेटवर ऐकू येतो, आणि यंदा, दोन हजार आठात, टीव्हीचं चॅनेलही निघालं. बातम्या वाचणारी बाई शेजारच्या बेटावरची होती. आवाजावरून त्याने तिचं गाव सांगितलं. माझ्या हातातला पाना हातातच राहिला.

साहेबांनीही हे डोनाल्डकडून ऐकलं. मंडळाच्या जेवणात भाषण ठोकलं. "मूठभर कोळी आणि मेंढपाळ! पण स्वतःचा रेडिओ, स्वतःचं चॅनेल! आणि आपण?" डोळ्यांत पाणी. टाळ्या. सगळ्यात मोठी टाळी माझी. इंटरनेटवर मराठी रेडिओ काढायचं ठरलं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, किनाऱ्याच्या बातम्या मी वाचतो. आमच्या बोलीत. कामगारांच्या कँपात आमची कितीतरी पोरं आहेत."

"वा! या की."

महिनाभर मी एसीच्या डक्टमध्ये डोकं घालून बातम्या म्हणत होतो. आत आवाज काय घुमतो! आणि आता हातात हा नोकर.

"साहेब, बातम्या?"

"बातम्या शुद्ध मराठीत. लोकांना कळायला नकोत का?"

वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ते करमणुकीत किती छान वाटतं!"

मी विचारलं, "साहेब, ते स्कॉटलंडचे कोळी कुणाच्या भाषेत बातम्या वाचतात?"

"ते वेगळं. ती भाषा आहे."

"मग माझी काय आहे?"

साहेब हसले. "तुमची गंमत आहे हो!"

गंमत. माझ्या आवशीने याच गमतीत मला दूध पाजलं. बाप दर्यात राहिला तेव्हा याच गमतीत ती ऊर बडवून रडली. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

मी माईकसमोर गेलो. रेकॉर्डिंग सुरू झालं. नाटुकल्यातला मालक ओरडला, ट्रे पडल्याचा आवाज झाला, सगळे हसायला तोंड उघडून बसले. मी कागद खाली ठेवला.

"वारो सुटलो हा. दर्यो खवळलो हा. आज कोणी होडी भायर काढू नुकात."

"कट! कट! अहो, काय हे?"

"बातमी," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

"एवढं काय मनाला लावून घेता? आणि हो, जाता जाता तेवढा एसी चालू करा."

"मेन दारामागे आहे साहेब. तुम्हीच करा."

मला नकला येतात. माणसं हसवायला मला आजही आवडतं. पण नोकर मी करत नाही. नाटकात नोकर हवाच असेल, तर तो तुमच्या शुद्ध भाषेत चुकू दे, शुद्ध भाषेत मार खाऊ दे. माझ्या आवशीच्या भाषेत माझ्या तोंडून माफी निघणार नाही. तिच्यात आधी बातमी सांगेन. ती ऐका. मग हसायचं असेल तर हसा.