शुक्रवारची तालीम

जगातल्या कुठल्याही गोष्टीची आधी तालीम केली की ती गोष्ट माणसाच्या ताब्यात येते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मैसूरच्या नजरबाद भागात माझ्या डोक्यावरच राहत होता. डोक्यावर म्हणजे माझ्या घराच्या माडीवर, भाड्याने. सोबत बायको आणि चार लहान मुलं. थोरली नऊ वर्षांची, तिच्याखाली सहा वर्षांच्या जुळ्या, आणि शेवटचा दोन वर्षांचा मुलगा, ज्याला कन्नडातल्या रिवाजाप्रमाणे सगळे पुट्टा, म्हणजे छोटा, म्हणत. मी सरकारी कचेरीत फायलींना टाचण्या टोचून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. लग्न केलं नाही, का केलं नाही ते सांगण्यासारखं काही नाही. छतावर आठ लहान पाय दिवसभर धावू लागले तेव्हा पहिल्या महिन्यातच यांना घर सोडायला सांगायचं असं मी ठरवलं होतं. सांगायला म्हणून वर गेले, तर गृहस्थांनी मला बसवून माझ्या पुढ्यात दोन वेगवेगळ्या डब्यांतली कॉफीची पूड ठेवली आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही आमच्याकडं वरचेवर येणार. कुठली कॉफी चालते ते आजच ठरवून टाकूया की." मी वास घेऊन एक डबा दाखवला आणि घर सोडायचा विषय राहूनच गेला.

त्यांचं देवराज मोहल्ल्यात ब्लाउजपीसांचं मॅचिंगचं दुकान होतं, धाकट्या भावाबरोबर भागीत. पणजोबा कापड रंगवायचे, आजोबा त्यावर लाकडी ठसे छापायचे. यांच्या वाट्याला ना रंगाचं भांडं आलं ना ठसा, फक्त नजर आली. नुसत्या पोपटी रंगाच्या त्यांच्याकडे इतक्या जाती होत्या की साडी घेऊन आलेली बाई गोंधळून जाई. पण ही नजर स्वतःवरही विश्वास ठेवत नसे. दुकानातल्या दिव्याखाली कापड कितीही जुळलं तरी ते कापत नसत. साडी आणि तागा दोन्ही घेऊन गिऱ्हाइकाला रस्त्यावर नेत, सायकली-रिक्षा चुकवत उन्हात दोन्ही शेजारी धरत आणि मग आत येऊन कात्री हातात घेत. घाईतल्या बायका चिडत, पण पुन्हा त्यांच्याकडेच येत. आधी उन्हात धरायचं, मग कात्री लावायची, हा दुकानाचा नियम त्यांनी संसारालाही लावला, आणि तिथून माझ्या करमणुकीला सुरुवात झाली.

जुळ्या पहिलीत जाणार होत्या तेव्हा आठवडाभर माझ्या ओसरीत शाळा भरत होती. गृहस्थ स्वतः बाई झाले होते. हजेरी, प्रार्थना, पाण्याची बाटली उघडणं, लघवीला जायचं झालं तर करंगळी वर करणं, सगळं यथासांग. अर्ध्या तासाने ते घंटा वाजवत, कारण त्यांना दुकानात जायचं असे. खऱ्या शाळेच्या पहिल्या दिवशी प्रार्थना झाली, हजेरी झाली, अर्धा तास झाला, आणि दोघी शांतपणे दप्तरं उचलून फाटकाकडे चालू लागल्या. बाईंनी अडवलं तर त्यांनी आपली शाळा झाली असल्याचं सांगितलं. संध्याकाळी गृहस्थ गंभीर होऊन मला म्हणाले, "चूक पोरींची नाही, अक्का. तालीम स्वल्प छोटी झाली."

दसऱ्याच्या गर्दीत मूल हरवलं तर काय, याचीही तालीम झाली. ती देवराज मार्केटात. मुलांना शिकवलं होतं की बाप दिसेनासा झाला तर रडायचं नाही, मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या एखाद्या बाईजवळ उभं राहायचं आणि घरचा पत्ता सांगायचा. मग हे महाशय केळ्यांच्या घडांमागे लपले. थोरलीने सगळं बिनचूक केलं. एवढं बिनचूक, की गजरेवालीला दया आली आणि ती टोपली शेजारणीकडे सोपवून तिन्ही पोरींना रिक्षाने घरी घेऊन आली. गृहस्थ केळ्यांमागून बाहेर आले तेव्हा मार्केटात पोरी नव्हत्या. दुपारचे दोन वाजेपर्यंत हा माणूस गल्लीगल्लीतून घामाघूम होऊन त्यांना हाका मारत फिरत होता, आणि पोरी माझ्याकडे दहीभात खाऊन झोपल्या होत्या. आल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. मग पाणी पिऊन म्हणाले, "आयतु, झालं. पोरी पास झाल्या."

पाडव्याला आमच्याकडे मैसूरच्या पद्धतीने कडुनिंब आणि गूळ खातात. गृहस्थांच्या घरी तो तोंडात घोळवतच प्रत्येकाने वर्षभरात काय जमवायचं ते बोलायचं असे. ते कपड्यावर खुणा करायच्या खडूने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं जाई. एका जुळीने एका वर्षी 'वांगं खाणे' असं सांगितलं होतं, दुसरीने 'शर्टाची वरची गुंडी'. त्यांच्या बायकोची ओळ मात्र दर वर्षी तीच असायची: शिक्षिकेची नोकरी. लग्नाआधीपासूनची ही तिची इच्छा. थोरली पोटात असताना तिने पहिली परीक्षा दिली, जुळ्या झाल्यावर दुसरी, आणि पुट्ट्याला मांडीवर झोपवून अभ्यास करून तिसरी दिली तेव्हा ती पास झाली. नेमणुकीचा कागद आला. शाळा एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावाच्याही पलीकडे, कबिनी धरणाच्या पाण्याच्या कडेला. तिकडे हत्ती रस्त्यावर येतात म्हणून अंधार पडल्यावर बस नाही. रोज जाणं-येणं अशक्य. सोमवारी पहाटे जायचं, तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी शाळा सुटली की दुपारी घरी यायचं.

ती नाही म्हणाली. कागद घडी करून देवापुढे ठेवला आणि पोळ्या लाटायला बसली. गृहस्थांनी तो कागद उचलून परत तिच्या हातात दिला. "एक वर्ष उन्हात धरून बघू," ते म्हणाले. "नाही जुळलं तर कात्री नाही लावायची. पोरांचं मी बघतो." आणि खरंच बघितलं. तो माणूस तिन्ही पोरींच्या वेण्या घालायला शिकला, म्हणजे माझ्या खुर्चीला सुतळी बांधून आधी त्यावर सराव केला. डब्यात काय जाणार याचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. त्या पावसाळ्यात तिन्ही पोरी एकदाही शाळेत उशिरा पोचल्या नाहीत. बायकोचा फोन आला की चौघं ओळीने उभी राहून दिवसाचा वृत्तांत सांगत. मी मनात त्यांना हसत असे, पण कचेरीत इतकी वर्षं काढून एवढी चोख व्यवस्था मी पाहिली नव्हती, हेही खरं.

फक्त पुट्टा त्या व्यवस्थेत बसेना. दोन वर्षांच्या मुलाला आठवडा म्हणजे काय ते कळत नाही. गौरी-गणपतीच्या सुमाराला असं होऊ लागलं की शनिवारी आई आली की तो बापाच्या पायामागे जाऊन उभा राही. रविवारी संध्याकाळपर्यंत कुठे तिच्या मांडीवर येई, आणि सोमवारी उठला की ती गेलेली. ती वरवर काही दाखवत नसे. पण एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "अक्का, तो माझ्याकडं पाहुणीकडं बघावं तसा बघतो. बसा म्हणायचंच काय ते राहिलंय." आणि हातातलं फडकं पिळत राहिली, पाणी संपून गेलं होतं तरी.

गृहस्थांना हे कळलं तेव्हा त्यांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. शुक्रवारी संध्याकाळी दुकान भावावर सोपवून ते लवकर घरी आले, माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही स्वल्प आई व्हाल काय?" बायकोची जुनी निळी पर्स आणि छत्री त्यांच्या हातात होती. मी ते घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. त्यांनी जिन्यावरून टाळी वाजवली की आत यायचं. मुलांनी धावत येऊन मला मिठी मारायची आणि "आई आली" म्हणायचं. पुट्ट्याला सवय लागेल, उद्या बायको आली की तोही धावेल, असा हिशेब. साठी उलटलेल्या बाईला असलं काही सांगायचं म्हणजे कमाल होती. मी त्यांना तसं तोंडावर बोललेसुद्धा, आणि पर्स घेऊन बाहेर गेले.

असे चार शुक्रवार झाले. पहिल्या शुक्रवारी पुट्टा जिन्यावरच उभा राहून अंगठा चोखत होता. दुसऱ्या शुक्रवारी बहिणींच्या मागून चार पावलं आला. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तिसऱ्या शुक्रवारी मी पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की ठेवली. मला कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवार आला की मी दुपारीच केस विंचरून चांगली साडी नेसून बसू लागले होते, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या शुक्रवारी टाळी वाजली आणि पुट्टा सगळ्यांच्या पुढे धावत आला, माझ्या गुडघ्यांना बिलगला आणि म्हणाला, "आई आली." गृहस्थांचे डोळे भरून आले. "जुळलं, अक्का," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तीनच्या सुमारास फाटक वाजलं आणि वरून टाळी ऐकू आली. मी आत बसून राहायला हवं होतं. पण टाळीबरोबर माझे पाय आपोआप ओसरीत आले. ती खांद्यावर पिशवी घेऊन फाटकाच्या आत उभी होती, दोन्ही हात पुढे केलेले. थोरली आणि जुळ्या तिला जाऊन चिकटल्या. पुट्टाही जिन्यावरून धावत आला, तिच्या दिशेने अगदी, आणि तिला वळसा घालून सरळ माझ्याकडे आला. माझे गुडघे धरून त्याने शिकवल्याप्रमाणे स्वच्छ आवाजात म्हटलं, "आई आली." आणि चिक्कीसाठी हात पुढे केला.

मी त्याला तिच्याकडे न्यायला हवं होतं. मी त्याला कडेवर घेतलं. क्षणभरच, पण घेतलं, आणि त्या क्षणभरात मला जे वाटलं ते वाईट नव्हतं. मग तिचा चेहरा दिसला. ती रडली नाही. "शहाणा आहे," एवढंच म्हणाली, "शिकवलेलं चुकवत नाही." आणि पोरींना घेऊन वर गेली. गृहस्थ जिन्यावर दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवलेल्या अवस्थेत तसेच उभे होते.

रविवारी तिने नोकरी सोडत असल्याचं पत्र लिहिलं, कन्नडात, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत, आणि सोमवारी टपालात टाकायला नवऱ्याकडे दिलं. ती त्या पहाटे गेली नाही. गृहस्थ पत्र घेऊन निघाले ते माझ्याकडे येऊन बसले. कॉफी दिली, ती निवून गेली. "चूक माझी आहे, अक्का," ते म्हणाले. मी म्हटलं, चूक माझीही आहे, आणि चिक्कीचं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "आम्ही सगळेच जातो तिकडं. मत्ते, दुसरं काय करायचं? तिनं इकडं यायचं, तिनं इकडं यायचं, एवढंच घोकत बसलो मी. आम्ही जायचं हे डोक्यातच आलं नाही." मी विचारलं, दुकान? पोरींची शाळा? एकदा जाऊन तरी बघून या. "बेडा, नको," ते म्हणाले. "बघायला गेलो तर मी जाणार नाही." त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, ते माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि बायकोला सांगायला वर गेले. थोड्या वेळाने वरून तिचा रडण्याचा आवाज आला. दोन दिवसांपूर्वीच तो यायला हवा होता.

दसऱ्याची सुटी संपायच्या आत माडी रिकामी झाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा पुट्टा झोपलेला होता, म्हणून निरोप घ्यायचा प्रसंग आला नाही.

आता वर्ष उलटून गेलं. संक्रांतीनंतर मी तीळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले होते. तिच्या शाळेच्या गावात दोन खोल्या, पुढे एक फळी टाकून गणवेश आणि फ्रॉकांचं दुकान. इथल्या लोकांना चारच रंग लागतात, अशी गृहस्थांची तक्रार आहे, पण ते पूर्वीपेक्षा जाड झाले आहेत. ती शाळेतून आली, आणि पुट्टा खेळ टाकून, कोणी टाळी न वाजवता, तिच्या अंगावर जाऊन पडला. "अज्जीला ओळखलंस काय?" तिने त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या मानेत तोंड लपवलं. गृहस्थ ओशाळले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मीच म्हटलं, "राहू द्या." आणि तीळगूळ त्याच्या आईच्या हातावर ठेवला.

मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला त्याचा आनंदही झाला, हे मी खोटं सांगत नाही. तरी परतीच्या बसमध्ये मी सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसले. मूल त्या माऊलीचं आहे, ते तिला मिळालं. त्यावर माझा काहीच हक्क नाही. पण चार शुक्रवार मी एका मुलाची आई होते. ते तेवढे मी कोणालाही परत देणार नाही.