सोजरबाईंचं हिरवं बटण

आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या सोजरबाईंना वेबसाइटमधलं काही कळत नाही, आणि म्हणूनच आम्हाला त्या लागायच्या. वेबसाइटची पानं कशी दिसावीत हे ठरवणं आमचं काम. नवं पान झालं की मी बाईंना ट्रे खाली ठेवायला लावायचो आणि ते त्यांच्याच मोबाइलवर उघडून द्यायचो. त्या अडल्या की समजायचं, आपलं शहाणपण वाया गेलं.

डोळ्यांच्या एका हॉस्पिटलचं काम आलं तेव्हा बाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "सर, आमच्या मालकांचा एक डोळा काचबिंदूनं गेलाय. दुसऱ्याचं ऑपरेशन लवकर करा म्हणत्यात. मांजरी गावावरनं येऊन नुसता नंबर लावायला आख्खा दिवस मोडतोय."

मालक म्हणजे बाईंचे यजमान, रंगराव. मी हौसेनं बाईंच्या बेताचं पान केलं. ठसठशीत अक्षरं, तळहाताएवढं हिरवं बटण, आणि नमुन्याचा पेशंट म्हणून रंगरावांचंच नाव. बटण दाबलं की यायचं, 'रंगराव, आपला नंबर लागला. मंगळवार, सकाळी दहा.' कधीही दाबा, मंगळवारच. नुसती चित्रं होती ती, मागे हॉस्पिटल नव्हतं. "आज फक्त सराव," एवढंच मी म्हणालो. बाईंनी एका दमात नंबर लावला आणि लाजून हसल्या.

आमचे साहेब रणजित यांनी नाक मुरडलं. "हा काय रेशनचा फॉर्म आहे? हल्ली असं कोण करतं?" हल्ली म्हणजे पांढऱ्यावर फिकी राखाडी अक्षरं, बटणाला कड नाही, शब्दांच्या जागी चिन्हं, आणि कोपऱ्यात 'मी काय मदत करू?' विचारणारा एक उपटसुंभ. मी वाद घातला नाही. मलाही जुनाट म्हणवून घ्यायचं नव्हतं. फिकं पान सुरू झालं. त्याला बक्षीसही मिळालं.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी बाई सुजल्या डोळ्यांनी आल्या. नव्या पानावर त्यांना काही उमगेना, म्हणून फोनमध्ये राहिलेलं माझं जुनं पान उघडून त्यांनी हिरवं बटण दाबलं होतं. मंगळवारी रंगरावांना हाताला धरून नऊलाच हॉस्पिटलात हजर. यादीत नाव नव्हतं, म्हणून तसंच परत पाठवलं.

मी हॉस्पिटलला फोन केला. "फोनवर नंबर घेत नाही, वेबसाइटवर लावा," असं उत्तर आलं. लावला. सात आठवड्यांनंतरचा मिळाला. तोवर दुसरा डोळाही गेला.

माझी मला लाज वाटते. बाई मात्र हॉस्पिटलवर चिडून आहेत. काल चहा ठेवताना त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "त्या मेल्यांनीच नाव खोडलं, सर. तुमच्या पानावर बघा, अजून हाय."

रंगराव, आपला नंबर लागला.

सांगायचं होतं. पण चहात साखर कमी आहे, एवढंच म्हणालो.