आईवडिलांच्या सहीचं कलम

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत ते रोज सकाळी फिरायचे. हिवाळ्यात धुक्यातून आधी त्यांचं खाकरणं यायचं, मग पांढरी शाल, आणि मग ते. आमदार होते, सत्ताधारी पक्षातल्या सनातनी गटाचे. समोरून कुत्रं आलं तरी थांबून त्याला वाट द्यायचे. वाक्य 'देखो भाईसाहब'नं सुरू करायचे आणि बरेचदा तिथेच सोडून द्यायचे.

त्यांच्या गटाला विवाहनोंदणीचा कायदा कडक करून हवा होता. मी वकील, म्हणून मसुदा मी लिहून दिला. आईवडिलांच्या सहीशिवाय लग्न नोंदवू नये, असं एक कलम त्यात होतं. सभागृहात ते त्यासाठी तावातावानं भांडले.

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीनं कोर्टात लग्न केलं. मी गेलो नाही. तिनं बोलावलं म्हणून साक्षीदाराची सही आमदारांनी केली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "आपने साइन किया? आपने?"

"देखो भाईसाहब, कानून अभी बना कहाँ है? और बिटिया अकेली खड़ी थी."

ते कलम त्यांनी मागितलंच नव्हतं. मुलीचं कुणावर तरी प्रेम आहे हे कळलं, त्या आठवड्यात मीच ते घातलं होतं.