अंगठ्याची खळी

माझ्या पत्नीने घडवलेला चहाचा वाडगा सुंदर आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. एका विमा कंपनीच्या विधी विभागात उभा जन्म काढल्यामुळे मला एवढे कळते, की जी गोष्ट नाकारता येत नाही ती आधी मान्य करून टाकावी. मग उरलेल्या मुद्द्यांवर भांडायला बळ राहते. वाडगा सुंदर आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

टोकियोजवळ ग्योतोकुला आम्ही मुलीकडे राहतो. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला जातात, म्हणून नातीला सांभाळायला आलो. नात पाळणाघरात रमली आणि आम्हा दोघांच्या वाट्याला मोकळे दिवस आले. माझे दिवस मी पत्रलेखनाला दिले. कचऱ्याच्या जाळीखाली कावळे शिरतात याविषयी नगरपालिकेला, सायकली जिन्याच्या तोंडाशी लावल्या जातात याविषयी इमारतीच्या व्यवस्थापकांना. पत्रे मी इंग्रजीत लिहीत असे आणि मुलगी त्यांचे जपानी करून देई. पत्नीने मात्र स्टेशनजवळच्या सार्वजनिक सभागृहातला मातीकामाचा वर्ग धरला आणि तिथेच कामापुरते जपानी उचलले.

वर्ग दर बुधवारी असे. बुधवारी चारचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला असे. थर्मासमधल्या चहाला आल्याचा वास राहतो. करणाऱ्या माणसाचा राहत नाही. संध्याकाळी ती नखांत माती घेऊन परत येई आणि भाजी चिरता चिरता बोलत राही.

"ते म्हणतात, माती ओढायची नाही. तिला यायला वेळ द्यायचा."

"ते म्हणजे कोण?"

"अहो, सांगितलं ना. रेल्वेतले. रिटायर झालेत, बायको गेली त्यांची. माझ्या शेजारी बसतात."

शेजारी बसतात हे तिने मला आधी सांगितलेले नव्हते. मी वर्तमानपत्र पुढे ओढले.

वर्गाच्या अखेरीस चहाचा कार्यक्रम झाला आणि कुटुंबीयांना बोलावणे आले. चटईवर पाहुणे ओळीने बसले. पहिले ते रेल्वेचे गृहस्थ, त्यांच्याशेजारी माझी पत्नी, आणि शेवटी, गुडघ्यांमुळे एका बुटक्या स्टुलावर, मी. ऐंशीच्या घरातल्या शिक्षिकाबाईंनी हिरव्या पुडीचा चहा घोटला. हा चहा सायीसारखा घट्ट असतो आणि सर्वांना मिळून एकच वाडगा असतो. प्रत्येकाने काही घोट घ्यायचे, कड कागदाने पुसायची, वाडगा फिरवायचा आणि पुढच्याला द्यायचा.

त्या गृहस्थांनी घोट घेतले, कड पुसली, वाडगा पत्नीकडे दिला. आणि माझ्या पत्नीने, जिच्याशी माझा चाळीस वर्षांचा संसार झाला आहे, त्याच कडेला ओठ लावले.

आमच्या घरात कुणी कुणाच्या भांड्याला तोंड लावत नसे. आईने तांब्या वर धरून पाणी प्यायला शिकवले आणि ती सवय मी कोर्टकचेऱ्यांत, प्रवासात, इस्पितळातही सोडली नाही. पत्नीही माझ्या पेल्यातून कधी प्यायली नाही. ते शुद्धतेचे लक्षण आहे असे मी समजत आलो. आता ती एका परक्या माणसाचे उष्टे, डोळे मिटून, सावकाश पीत होती.

वाडगा माझ्याकडे आला. मला नकार द्यायचा नव्हता आणि तोंडही लावायचे नव्हते. म्हणून मी मान मागे टाकली, वाडगा वीतभर उंच धरला आणि वरून प्यायलो. घट्ट चहा पाण्यासारखा वागत नाही. आधी काहीच आले नाही. मी वाडगा आणखी कलता केला. मग सगळे एकदम आले. मिशीवर, सदऱ्यावर, मांडीवर. कुणीही हसले नाही. ते हसले असते तर मी त्यांना माफ केले असते.

शिक्षिकाबाईंनी मला ओला रुमाल दिला. त्यानंतर तिथल्या रीतीप्रमाणे तो वाडगा पाहण्यासाठी पहिल्या पाहुण्याकडे परत गेला. त्या गृहस्थांनी कोपरे गुडघ्यांवर टेकून, चटईलगत धरून तो उलटा केला, त्याची बैठक पाहिली, आणि हा कुणी घडवला असे विचारले. बाईंनी उघडा तळवा माझ्या पत्नीकडे केला. ते तिच्याकडे वळून वाकले आणि एकच वाक्य बोलले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिचे कान असे लाल होतात हे मी विसरलो होतो.

रुळांच्या पुलाखालून आम्ही घरी चालत आलो. माझ्या सदऱ्यावर शेवाळासारखा डाग होता.

"तो तुझा होता?"

"हो."

"आधी सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तोंड लावलं असतं?"

मी चालता चालता रुमालाने डाग चोळू लागलो.

दुसऱ्याच दिवशी मी सभागृहाच्या प्रमुखांना पत्र लिहिले. एका पात्राला अनेकांनी तोंड लावण्याची प्रथा सार्वजनिक आरोग्यास घातक असून ती तत्काळ थांबवावी, अशी मागणी केली. मुलीने पत्र दोनदा वाचले.

"बाबा, हे मी जपानीत करणार नाही."

"का? अवघड आहे?"

"सोपं आहे. तुम्हाला राग जंतूंचा आहे की त्या काकांचा, तेवढं ठरवा. मग करते."

पत्र ड्रॉवरमध्ये गेले. मी ते मागे घेतले नाही, पाठवलेही नाही.

वाडगा मात्र स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर राहिला. येता-जाता दिसे. एका सकाळी सगळे कामांना गेल्यावर आणि पत्नी बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना मी तो खाली काढला. खटला उभा करायचा तर पुरावा हाताळून पाहावा लागतो.

तो चाकावर केलेला नाही, हातांनी दाबत दाबत उभा केलेला आहे. म्हणून त्याची कड सरळ नाही; एके ठिकाणी वर चढते आणि घोट घ्यावा तिथे खाली येते. रंग ताकाचा. कडेला झिलई पातळ झाली आहे तिथे आतली माती तपकिरी होऊन बाहेर डोकावते. तळाशी झिलई नाहीच. तिथे बोट फिरवले की करवंटी आठवते. एका बाजूला अंगठ्याची खळी आहे. मी माझा अंगठा तिच्यात ठेवला. तो मावेना. वळवून पाहिला, तरी मावेना.

"तुमच्या मापाचा नाही तो," मागून पत्नी म्हणाली. तिच्या हातात रिकामी बादली होती. "बाई म्हणाल्या, आपल्या हाताच्या मापाने करा. माझ्या हाताचं माप आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"त्या दिवशी ते काय म्हणाले?"

तिने कोण म्हणून विचारले नाही. "म्हणाले, या वाडग्याला कुठे पोचायची घाई नाही."

वाक्य चांगले होते. जन्मभर गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाचे होते, म्हणून अधिकच चांगले होते, आणि मला ते कोणत्याही कारणाने खोडता येईना. चाळीस वर्षांत तिने माझ्यासमोर हजारो गोष्टी करून ठेवल्या आणि मी त्यांवर दोनच अभिप्राय दिले: मीठ कमी आहे, किंवा मीठ बरोबर आहे.

तिने पाणी तापवले, चहा घोटला, स्वतः दोन घोट घेतले, कड पुसली आणि वाडगा माझ्यापुढे धरला.

"वरून?" तिने विचारले.

मी तोंड लावले. चहा कडू होता आणि कड कोमट होती. प्यायल्यावर मी तो उलटा करून बैठक पाहू लागलो. जुने दस्तऐवज वाचायची सवय असलेला माणूस वाचतो तसा, इंचाइंचाने. बैठकीच्या आतल्या बाजूला एक बारीक, वाकडी रेघ होती.

"इथे तुझं नख लागलं आहे," मी म्हणालो. "माती ओली असताना."

"कुठे?" तिने चष्मा आणला, वाडगा खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. "खरंच की. मला दिसलंच नव्हतं."

"आणि त्यांना?"

"त्यांनाही नाही."

"तसं ते बोलले नाहीत, की त्यांना दिसलं नाही?"

"नाही दिसलं हो," ती म्हणाली आणि वाडगा पुन्हा माझ्या हातात दिला.