नाबुकेन्याच्या भुवया

आमच्या कंपाला शहरात हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, भुवया उचलल्या की झालं. नाबुकेन्याचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमच्या छापखान्यात ती लग्नपत्रिका आणि पोस्टर कॉम्प्युटरवर मांडते. वय अडतीस, बोटं भलती चपळ, तोंडात मात्र शब्द नाही. मी शेजारी बसून लॅमिनेशन करते, त्यामुळे दोघींच्या वाटचं बोलणं मला एकटीलाच करावं लागतं. रोज दहा तास स्क्रीनकडे बघून बाईचे डोळे मिरची चोळल्यासारखे लाल. मिटायला लागले की ताणून उघडायला भुवया वर! गिऱ्हाईक विचारी, "आजच मिळेल ना?" भुवया वर. मालक विचारी, "रविवारी येशील ना?" भुवया वर. "अगं बये, आवर त्या भुवया!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला.

डॉक्टर म्हणाले, दर वीस मिनिटांनी लांब बघ, डोळ्यांची उघडझाप कर. लांब म्हणजे कुठे? तर समोर किग्गुंडू शिंप्याचं दुकान. ही तिथली पाटी बघायची. पाटीखाली किग्गुंडू बसायचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. दर वीस मिनिटांनी एक बाई आपल्याकडे बघून पापण्या फडफडवते म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? एके दिवशी तो रस्त्यापलीकडून ओरडला, "तुझ्या आत्याला भेटू का?" मोटारसायकलींच्या गोंगाटात हिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भुवया मात्र वर!

आमच्यात मुलीला मागणी घालायची ती आत्याकडे. पुढच्या मंगळवारी आत्या केळ्यांचा घड घेऊन मसाकाहून थेट छापखान्यात हजर.

"माणूस चांगला आहे गं. तू हो म्हणालीस म्हणे. दिवस ठरवू?"

नाबुकेन्याला घाम फुटला. "आत्या, मी त्याला नीट बघितलंसुद्धा नाही! मला ती पाटीच धूसर दिसते!"

नाही म्हणावं तर भल्या माणसाची भर रस्त्यात शोभा. हो म्हणावं तर जन्माचा प्रश्न. मी म्हटलं, "आधी चष्मा कर, मग नवरा कर."

चष्मा आला आणि भुवया जागेवर बसल्या. किग्गुंडूला कुणीतरी खरं काय ते सांगितलं असावं. गळ्यात टेप तसाच ठेवून तो आमच्या दारात आला.

"म्हणजे ते हो नव्हतंच?"

चेहरा एवढासा झाला होता. मला मेलीला रडूच आलं. नाबुकेन्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. शिंपी असून त्याच्या स्वतःच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. ते बघून ती हसली आणि तिनं भुवया उचलल्या, अगदी सावकाश.

"छे छे," तो मागे सरकला, "आता भुवयांवर माझा विश्वास नाही. तोंडानं सांग."

"हो!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की आतला छपाईवाला दचकून बाहेर आला.

मालकांनी लगेच संधी साधली. "लग्नानंतरही रविवारी येशील ना?"

नाबुकेन्यानं चष्म्यातून त्यांच्याकडे रोखून बघितलं. भुवया तसूभरही हलल्या नाहीत.